पहिल्या दाढेचं गाव

करंजबोडीच्या शाळेत दात तपासायला सुरुवात झाली आणि तिसऱ्याच दिवशी मोतीराम नान्हे परका ठरला.

मोतीराम एकसष्ट वर्षांचा. बोडी म्हणजे तिकडच्या बोलीत तलाव, आणि या माणसाचं निम्मं आयुष्य त्या तलावात कमरेपर्यंत उभं राहून गेलेलं. पाण्याचा रंग बघून मरळ कुठे दडली असेल ते तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. तो हसत हसत स्टुलावर बसला, आ केला. चित्रा मारबतेने पेनाएवढी नळी त्याच्या खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेला लावली. आठ सेकंदांत यंत्राच्या काचेवर आकडा आला, सातशे तेरा. करंजबोडीचा आकडा होता सातशे एकोणतीस. खाली लाल अक्षरांत उमटलं: ‘बाहेरील’.

चित्राने नळी पुसून पुन्हा लावली. पुन्हा तेच. यंत्र तापलं असेल, जेवून या, असं तिने मोतीरामला सांगितलं. तो जेवून आला, पुन्हा आ करून बसला, आणि पुन्हा सातशे तेराच आले. सरकारी निरीक्षक कुलसंगे शेजारीच बसलेले होते. त्यांनी यादीत मोतीरामच्या नावापुढे फुली मारली.

खरं तर हे यंत्र गावाने स्वतः मागून घेतलं होतं. सरकारने लादलं असतं तर शिव्या घालायला तरी कोणी मिळालं असतं.

दहा-बारा वर्षांत आसपासच्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या, तशी जुन्या तलावांतल्या मासळीवर साऱ्यांचीच नजर गेली. शहरातले ठेकेदार कुठून कुठून रहिवासाचे दाखले करून आणायचे आणि मच्छीमारांच्या संस्थांमध्ये सभासद म्हणून घुसायचे. शेजारचे दोन तलाव असेच गेले. मग तलाव-हक्काचा कायदा आला: जो त्या तलावावर जन्मला-वाढला त्यालाच जन्मभर जाळं टाकता येईल, बाकी कोणालाही नाही. पण जन्मला-वाढला हे ठरवायचं कशावरून? करंजबोडीच्या संस्थेने अर्ज केला की कागद खोटे बोलतात, आमचे दात वाचा. तो अर्ज चित्राने लिहिला होता. ती संस्थेची सचिव, शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि अख्ख्या गावात रसायनशास्त्राची पदवी असलेली एकटीच. म्हणून यंत्र चालवायचं प्रशिक्षणही तिलाच मिळालं.

यंत्र काय वाचतं ते तिने गावाला शाळेच्या भिंतीवरच समजावलं होतं. तिथे मूलद्रव्यांची आवर्तसारणी रंगवलेली आहे. दरवर्षी नववीच्या मुलांना ती जे सांगायची तेच तिने मोठ्यांना सांगितलं. या तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याला एक घर आहे. आडव्या ओळीत शेजारी राहतात; उजवीकडे एक घर सरकलं की अणूच्या पोटात एक प्रोटॉन वाढतो, एवढाच शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक. उभ्या रांगेत मात्र भावकी राहते. वरचा हलका, खालचा जड, पण स्वभाव एक. कारण बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन सारखे, आणि दुसऱ्याशी जोडलं जायचं ते त्यांच्याच जोरावर. कॅल्शियमच्या खालच्या घरात स्ट्रॉन्शियम राहतं. आपलं शरीर दाताला कॅल्शियम पुरवताना या भावकीत फसतं आणि थोडं स्ट्रॉन्शियमही आत घेतं.

आता शेजार बघा, ती म्हणायची. स्ट्रॉन्शियमच्या डावीकडे रुबिडियमचं घर. ते पोटॅशियमच्या भावकीतलं, म्हणून पोटॅशियम जिथे असतं अशा जुन्या दगडांत तेही दडून बसतं. कोट्यवधी वर्षांत त्याच्या पोटातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आणि ते एक घर उजवीकडे सरकून स्ट्रॉन्शियम बनतं, नेहमीच्यापेक्षा किंचित वेगळ्या वजनाचं. वैनगंगेकडचा आपला दगड अतिशय जुना, त्यामुळे त्यात हे वेगळं स्ट्रॉन्शियम भरपूर. पश्चिमेला वर्धेकडचा काळा दगड ज्वालामुखीतून परवा-परवा आलेला, त्यात कमी. दगडातलं पाण्यात येतं, पाण्यातलं मासळीत आणि भातात, आणि तिथून दातात. दात एकदा बनला की बदलत नाही. म्हणून तुमच्या दाढेला तुमचं गाव विचारता येतं. यंत्राचा आकडा म्हणजे त्या वेगळ्या स्ट्रॉन्शियमचं प्रमाण: दगड जुना तर आकडा मोठा.

लोकांना हे पटलं होतं. दाढेत भावकी असते म्हणून पोरं एकमेकांना चिडवायचीही.

तपासणीच्या नियमात एक बारीक गोष्ट होती, आणि ती चित्रानेच घातली होती. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमारास आतल्या आत बनायला लागते. तिच्या माथ्याचा थर म्हणजे बाळाचे पहिले महिने. दुसरी दाढ बनते साधारण तिसऱ्या वर्षानंतर. अर्जात चित्राने मागितलं होतं की पहिल्याच दाढेचा माथ्याचा थर वाचला जावा. त्याचं कारण होतं हरीश टेंभरे.

हरीश गावात डोंगे बनवायचा. एका लाकडातून कोरलेली ती अरुंद होडी बोडीत नीट तरंगावी अशी घडवणं आता फक्त त्यालाच जमायचं. तो अडीच वर्षांचा असताना त्याचा बाप इथे ठेकेदाराचा राखणदार म्हणून आला होता. त्या काळात या राखणदाराने गावातल्या कैक जणांना चोरून जाळं टाकताना धरलं, आणि एकाला तर पोलिसांच्या ताब्यात दिलं. तो एक म्हणजे मोतीरामचा धाकटा भाऊ दादाजी, आजचा संस्थेचा अध्यक्ष. दोन दिवस कोठडीत काढलेला माणूस ते दोन दिवस चाळीस वर्षं विसरला नव्हता. अर्ज लिहिताना दादाजी चित्राच्या समोर बसून होता. हरीश सुटला नाही पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. चित्राने विचार केला, अडीच वर्षांचा आला म्हणजे पहिल्या थरात तो नक्की अडकेल. आणि तिने तसं लिहिलं. हरीशने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तिच्या घरचा डोंगाही त्यानेच घडवलेला होता.

चौथ्या दिवशी आणखी अकरा जण बाहेरचे निघाले. कुणाचे सातशे बारा, कुणाचे सातशे सोळा. यंत्र बिघडलंय अशी ओरड सुरू झाली. चित्राने दुपारी सगळे गेल्यावर यादी पुढे घेतली आणि फुल्या पडलेल्यांची नावं एकेक करून वाचली. मोतीराम नान्हेला फुली होती, दादाजीला नव्हती. शेंड्यांच्या घरातल्या थोरल्याला फुली, मधल्याला नाही. वलथऱ्यांच्या थोरलीला फुली, धाकट्या तिघांना नाही. फुल्यांतल्या शेवटच्या नागोबद्दल तिने आवारात झाडणाऱ्या बाईला हाक मारून विचारलं, त्याचा घरात कितवा नंबर? थोरला, ती म्हणाली.

फुली पडलेलं प्रत्येक माणूस घरातलं पहिलं मूल होतं.

करंजबोडीत पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जायची आणि बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की परतायची. या काठचे सगळे ढिवर, म्हणजे मच्छीमार, एकमेकांचे नातलग, म्हणून सुना पिढ्यान्‌पिढ्या लांबून, वर्धा नदीच्या काठावरून यायच्या. काळ्या दगडाच्या मुलखातून. तिथे बाळाची पहिली दाढ आतल्या आत आकार घ्यायची. ते पहिलं दूध आईच्या हाडांतलं कॅल्शियम घेऊन उतरायचं, आणि ती हाडं त्याच काळ्या दगडावर वाढलेली. दुसऱ्या बाळंतपणाला कोणी माहेरी जात नसे आणि तोवर आईनेही पाच-सात वर्षं या बोडीचं पाणी प्यालेलं असे, म्हणून धाकटे सुटले.

हे चित्राला आधी का सुचलं नाही? कारण या गावात कोणी माहेरच्या बाळंतपणाला बाहेर जाणं म्हणतच नाही. मूल कुठे का जन्मेना, दाखल्यावर जन्मगाव करंजबोडी. तोंडाने सांगायचं तरी करंजबोडीच. चित्रानेही स्वतःच्या मुलीच्या शाळेच्या अर्जावर जन्मगाव करंजबोडीच लिहिलं होतं, आणि लिहिताना एक क्षणही अडखळली नव्हती.

समीक्षा तिची एकुलती मुलगी. तिचा जन्म चित्राच्या माहेरचा, वर्धेकडच्या आर्वीचा. चित्राचं लग्न झालं तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष राहिलेलं होतं. बाळंतपणाला माहेरी गेलीच आहे तर परीक्षा देऊन ये, असं सासरे म्हणाले. त्या काळात असं म्हणणारा सासरा मिळणं म्हणजे नशीबच. चित्रा चौदा महिने आर्वीला राहिली. तान्ह्या समीक्षाला मांडीवर घेऊन तिने हीच सारणी पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी समीक्षाची पाळी होती.

अठ्ठावीस वर्षांची समीक्षा आठ वर्षं बोडीत डोंगा चालवत होती, बाप देवचंद काविळीने गेला तेव्हापासून. त्याआधी गावात बाईने जाळं टाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. लोकांनी चार महिने नावं ठेवली, मग तिची मासळी बघून गप्प बसले. नव्या कायद्याचा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. हक्क माणशी मिळणार होता. दाढ बाईची की पुरुषाची हे यंत्र विचारत नव्हतं. लग्नाची तीन स्थळं तिने याच कारणाने परतवली होती. ती बोडी सोडून जगू शकणार नाही हे चित्राला ठाऊक होतं, जसं आईला ठाऊक असतं तसं, पुराव्याशिवाय.

त्या रात्री चित्रा नीट जेवली नाही. समीक्षाने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

सकाळी समीक्षा केस घट्ट बांधून, धुतलेली ओढणी घेऊन आली आणि स्टुलावर बसली. कुलसंगे दारात उभे राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होते. चित्राने नळी हातात घेतली. मुलीचा जबडा तिने डाव्या हाताने धरला. लहानपणी औषध पाजताना धरायची तसाच. पहिली दाढ दिसत होती. तिच्यामागे दुसरी. यंत्राला काय, नळी जिथे टेकेल ते वाचेल. चित्राने नळी अर्ध्या बोटाने मागे नेली आणि दुसऱ्या दाढेला टेकवली.

सातशे एकोणतीस. हिरवी अक्षरं आली: ‘स्थानिक’.

समीक्षा उठली, काचेकडे पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली. सरकारी कागदावर तिचं नाव पहिल्यांदाच कोणाची मुलगी म्हणून नव्हतं, नुसतं तिचं म्हणून होतं. कुलसंगेंनी येऊन खूण केली. चित्राचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी तिला मोतीरामची आठवण झाली. तो आ करून बसलेला असताना तिने नळी मागे नेली नव्हती.

सगळे मिळून एकशे चार जण तपासले गेले. बेचाळीस बाहेरचे निघाले, त्यात हरीश टेंभरेही होता. धाकट्या भावाला हक्क आणि थोरल्याला नाही, अशी घरं झाली. थोरल्याने वाढवलेला धाकटा आता त्याला आपल्या डोंग्यात मजूर म्हणून नेणार की काय, असं बोललं जाऊ लागलं. दोन घरांत चुली वेगळ्या झाल्या. एका सासूने तर सरळ सुनेला बोल लावला की तुझ्या माहेराने माझं नातवंड बुडवलं. ती स्वतःही वर्धेकाठचीच होती हे विसरून.

चित्रा कुलसंगेंना भेटली आणि माहेरच्या बाळंतपणाची गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. पहिली दाढ वाचायची ही मागणी तुमच्या संस्थेचीच होती, ते म्हणाले. संस्थेने ठराव करून ती मागे घेतली आणि दुसरी दाढ मागितली तर शासनाला हरकत नाही. मात्र मत देता येणार ते यादीत आलेल्या बासष्ट जणांनाच. बेचाळिसांना आता मत नव्हतं. सुनांना तर कधीच नव्हतं.

रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली. कुलसंगे बारा वाजता ठराव न्यायला येणार होते. बासष्ट जण सतरंजीवर, बाकीचे भिंतीला टेकून, आणि हरीश टेंभरे दाराबाहेर पायरीवर. त्याला आत ये कोणी म्हटलं नाही आणि जा असंही कोणी म्हटलं नाही. चित्राने दुसऱ्या दाढेचा प्रस्ताव वाचला. थोरल्यांना परत आणायचा हाच एक मार्ग आहे, हे तिने सांगितलं. माना हलल्या. मग दादाजी नान्हेने विचारलं,

“दुसरी दाढ म्हणजे तीन वर्षानंतरची न? मंग हरीश?”

“तोही येईल,” चित्रा म्हणाली.

वर्गात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, मोठे भाऊ येऊ द्या, पण राखणदाराचं पोर नको. कोणी म्हणालं, एकाला घेतलं तर उद्या दहा येतील. चित्राने सांगितलं की यंत्राला आडनाव दिसत नाही, हरीशला वगळून बाकीच्यांना घेणारी दाढ माणसाच्या तोंडात नसते. मग दादाजी अगदी समजुतीच्या सुरात, जणू एखादी साधी सोय सुचवावी तसा बोलला,

“बाई, नळी तर तुमच्याच हातात हाये. आमच्या थोरल्याईची दुसरी वाचा, त्याची पयली. साहेबाले काय समजते कोनती दाढ हाये ते? आमी कोनी बोलनार नाई.”

कोणी नाही म्हटलं नाही. भिंतीला टेकलेल्या बेचाळिसांच्या चेहऱ्यावर आशा आली, आणि ती आशा चित्राला स्पष्ट दिसली. तिला एवढंच करायचं होतं की मान हलवायची. चाळीसहून जास्त माणसं आपल्या पाण्यावर परत आली असती. समीक्षाच्या दाढेचं तिने जे केलं ते सगळ्या गावाच्या करण्यात मिसळून गेलं असतं, कोणाला कधी कळलं नसतं. बुडाला असता तो एक हरीश, आणि तो तर आधीच फुलीत होता. तिने दाराकडे पाहिलं. हरीश पायरीवर पाठमोरा बसलेला होता. सगळं ऐकू येत असूनही त्याने वळून पाहिलं नाही. त्याला हे नवीन नसावं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

“तुम्ही जे सांगताय ते मी एकदा केलं आहे,” ती म्हणाली.

भिंतीला टेकलेले पुढे सरकले.

“तपासणीत मी समीक्षाची पहिली दाढ वाचलीच नाही. दुसरी वाचली. ती चौदा महिने माझ्या माहेरी, आर्वीला होती. तिचा आकडा खोटा आहे, आणि तो मी खोटा केला. तिला हे माहीत नाही.”

समीक्षा खिडकीपाशी बसली होती. चित्राला तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. पावलांचा आवाज आला म्हणून तिने मान वर केली, तर समीक्षा समोरच्या स्टुलावर येऊन बसलेली. तिने आईकडे न बघता आ केला आणि बोट आत घालून पहिली दाढ दाखवली.

चित्राने यंत्र सुरू केलं. समीक्षाने तिचं मनगट धरलं आणि नळी स्वतःच जागेवर नेली. आठ सेकंद फार लांबले. सातशे सात. बेचाळिसांतल्या कोणाचाही आकडा इतका कमी नव्हता. हरीशचा आला होता सातशे वीस. बोडीवरची सगळ्यात चांगली ढिवरीण यंत्राच्या हिशेबी गावातली सगळ्यात परकी निघाली होती. चित्राने आकडा मोठ्याने वाचला आणि यादीत मुलीच्या नावापुढे स्वतःच्या हाताने फुली मारली.

मग ती सभेला म्हणाली की आता त्रेचाळीस झाले. “भिंतीवरचा तो तक्ता तुम्ही सगळे शिकलात. त्यात कोण कुठे सापडलं यावरून भावकी ठरत नाही, कसं वागतं यावरून ठरते. माझी मुलगी बोडीत आणायची तर हरीशलाही आणावं लागेल. दोघांना एकच दाढ लागते. मी एकीला लावून दुसऱ्याला नाकारणार नाही. आणि अर्जात पहिली दाढ मी फक्त त्याला बाहेर काढायला लिहिली होती, हेही ठरावात लिहा.”

मोतीराम भिंतीपासून पुढे आला. त्याला मत नव्हतं, पण त्याला कोणी अडवलं नाही. तो भावासमोर उकिडवा बसला.

“दादाजी,” तो म्हणाला, “त्याच्या बापानं तुले दोन दिवस कोंडलं. तू मले मरेपर्यंत कोंडतं काय?”

दादाजी उठला, चपला घातल्या आणि हरीशच्या शेजारून पायऱ्या उतरून निघून गेला. मत टाकायला तो थांबला नाही. बाकीच्यांनी हात वर केले. समीक्षाचं मत आता बाद होतं, दादाजी गेलेला. साठांपैकी तेहतीस ठरावाच्या बाजूने, सत्तावीस विरुद्ध. विरुद्ध हात वर करणाऱ्यांत काही जणांचे सख्खे थोरले भाऊ भिंतीशी उभे होते. त्यांनी ते हात मोजले, आणि ते विसरणार नाहीत हे सगळ्यांनाच समजलं.

बारा वाजता कुलसंगे आले. चित्राने ठराव दिला आणि आपण काय केलं तेही सांगितलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण वाईट वाटून नियम बदलत नाही. यंत्र त्यांनी जागेवरच काढून घेतलं. सचिवपद गेलं, आणि तलाव-हक्काच्या कोणत्याही कामात यापुढे तिचं नाव लागणार नाही असा कागद आठवड्याभरात आला. शाळेतली नोकरी तेवढी राहिली. पंधरा दिवसांनी भंडाऱ्याहून दुसरा माणूस येऊन त्रेचाळीस जणांच्या दुसऱ्या दाढा वाचून गेला. मोतीराम आणि बाकीचे थोरले यादीत आले. समीक्षा सातशे एकोणतीस, हरीश सातशे अठ्ठावीस. हरीशने हक्काचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि अर्धवट राहिलेला डोंगा कोरायला परत गेला.

त्या दिवसापासून समीक्षा आईशी बोलत नव्हती. वाढलेलं जेवायची, ताट धुवायची, आणि पहाटे निघून जायची. चित्राने दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शब्द अर्ध्यावर सोडले. तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, ती सकाळी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेली. समीक्षा उथळ पाण्यात डोंगा धरून जाळं आत रचत होती. ऊन नुकतंच पाण्यावर आलेलं होतं.

“मले विचारलं काहून नाई?” समीक्षा जाळ्यातून मान वर न काढता म्हणाली. तीन आठवड्यांतलं हे पहिलं वाक्य.

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“मंग?”

“म्हणून नाही विचारलं. तू बोडीवाचून राहशील कशी, एवढंच मला दिसत होतं.”

समीक्षाने जाळ्याची एक घडी नीट केली. चारचौघांत ती परकी ठरली याचा राग तिला नव्हता, ती म्हणाली. आईने तिला न विचारता तिच्या तोंडात खोटं ठेवलं याचा होता, आणि तो लवकर जाणार नाही. चित्राने ते ऐकून घेतलं. खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग समीक्षाने विचारलं, “तुया आकडा किती?”

चित्राने कधी वाचलाच नव्हता. वाचायची गरजच नव्हती. ती वीस वर्षांची असताना आर्वीहून आली, तोवर सगळ्या दाढा बनून झालेल्या. “सातशे सहा असेल,” ती म्हणाली. “पण दात तेवढे तिकडचे. हाड दातासारखं नसतं, ते जन्मभर झिजतं आणि नवं बनतं. तीस वर्षं मी याच पाण्यातली मासळी खाल्ली. माझी हाडं आता बहुतेक करंजबोडीचीच असतील. साऱ्याच सुनांची असतील.”

“मंग हाडं वाचाले लावू न त्याईले.”

“जिवंत माणसाची वाचता येत नाहीत,” चित्रा म्हणाली. “जाळल्यावर येतात.”

समीक्षाने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच आईकडे पाहिलं. करंजबोडीत सुना मासळी विकतात, सोलतात, सुकवतात. पाण्यात कोणी त्यांना नेत नाही. देवचंदनेही कधी नेलं नव्हतं, आणि चित्राने कधी मागितलंही नव्हतं.

“तेवढी वाट कोन पायते,” समीक्षा म्हणाली, आणि डोंग्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. “बस आत.”